घरच्या घरी गाडीच्या टायरमध्ये हवा भरायला भरवशाचा पंप कोणता घ्यावा?

पहाटवारा
गाडीच्या टायरमध्ये घरीच हवा भरता यावी म्हणून पंप घ्यायचा आहे. गाडी लहान हॅचबॅक, टायर ट्यूबलेस. महिन्यातून एकदा सकाळी चारही टायर आणि स्टेपनी तपासायची, कमी असेल तिथे भरायची, आणि लांबच्या प्रवासात एखादा टायर बसलाच तर दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत गाडी नेता यावी, एवढीच अपेक्षा. पण ऑनलाइन शोधायला बसलं की डोकं भणभणतं. एकावर १५० पीएसआय, दुसऱ्यावर १६०, कुठे वॅट लिहिलेत तर कुठे लिटर. घेतलेल्यांपैकी अर्धे लोक खूश, बाकीचे म्हणतात काही महिन्यांत बंद पडला. मला झगमगीत काही नको, पाच-सात वर्षं निमूटपणे चालणारी वस्तू हवी. लायटरच्या सॉकेटला लावायचा घ्यावा, चार्जिंगचा, की पायाने दाबायचा? आणि खोक्यावर नक्की काय वाचायचं?

रानवाट
चार्जिंगचा घ्या. वायरींची भानगड नाही, डॅशबोर्डच्या कप्प्यात मावतो, आकडा सेट केला की तिथे पोचल्यावर आपोआप थांबतो. घरात सायकल आणि फुटबॉल असेल तर त्यालाही चालतो. एकदा वापरलात की दुसरा नको वाटेल.

पाना_पक्कड
रानवाट, चार्जिंगचा वाईट नाही, त्याबद्दल पुढे लिहितो. पण आधी खोक्यावरच्या आकड्यांचं बोलू, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते.

१५० पीएसआय हा आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतो आणि तुमच्या सगळ्यात कमी कामाचा असतो. पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक, आणि लहान गाडीला साधारण ३० ते ३५ पीएसआय लागतात. पंप १५० पर्यंत ढकलू शकतो याचा अर्थ एवढाच की बंद नळीत तो तेवढा दाब तयार करतो. त्या दाबाला किती हवा पुढे जाते, हे त्यातून कळत नाही. चिमुकला पिस्टन असलेला पंप सहज १५० गाठेल, पण टायर भरायला तासन्‌तास लावेल.

कामाचा आकडा म्हणजे मिनिटाला किती लिटर हवा. काही ठिकाणी तो सीएफएममध्ये देतात, १ सीएफएम म्हणजे साधारण २८ लिटर. यातही एक खोच आहे. हा आकडा बहुतेक वेळा मोकळ्या हवेतला असतो, म्हणजे नळीचं टोक उघडं ठेवून मोजलेला. टायरमध्ये ३० पीएसआय दाब असताना तोच पंप त्याहून बरीच कमी हवा देतो. एखाद्या कंपनीने ३० पीएसआयला किती लिटर हे वेगळं छापलं असेल, तर त्या कंपनीबद्दल माझं मत तिथेच चांगलं होतं.

दुसरा आकडा, जो बारीक अक्षरांत किंवा फक्त माहितीपत्रकात सापडतो, तो म्हणजे सलग किती वेळ चालवायचा आणि मग किती वेळ थंड होऊ द्यायचा. घरगुती पंपांत '१० मिनिटं चालू, १० मिनिटं बंद' अशा प्रकारच्या सूचना असतात. हे पंप मरतात ते उष्णतेने. हवा दाबली की तापते, पिस्टन घासून आणखी तापतो, मोटर लहान असते. पिस्टनवरचं सील मऊ पडतं, मग हवा बाजूने निसटते, मग तेवढ्याच कामाला पंप जास्त वेळ चालवावा लागतो, आणि जास्त चालवला की आणखी तापतो. 'काही महिन्यांत बंद पडला' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी चारही टायर एका दमात भरले असणार, असा माझा अंदाज आहे.

सिलिंडर आणि त्याचं डोकं धातूचं आहे का ते बघा. ज्या पंपात पिस्टनचा दांडाही प्लॅस्टिकचा आहे तो घेऊ नका. वजन हातात घेऊन बघितलं तरी अंदाज येतो. अगदीच हलका लागला तर आत धातू नाही.

आकडेमोड
पाना_पक्कड यांच्याशी सहमत. थोडा हिशेब मांडतो, म्हणजे आपल्याला नक्की किती हवा लागते हे डोळ्यांसमोर येईल.

हॅचबॅकच्या १५ इंची टायरच्या पोटात साधारण ३० लिटर जागा असते. दाब १ बार वाढवायला, म्हणजे १४.५ पीएसआय वाढवायला, त्या जागेएवढीच बाहेरची हवा आत ढकलावी लागते. महिन्याभरात टायर २८ वर आला आणि ३३ करायचा असेल तर वाढ ५ पीएसआय, म्हणजे बारच्या एक तृतीयांश. हवा लागली फक्त १० लिटर. मोकळ्या हवेत ३५ लिटर देणारा पंप टायरच्या दाबाला निम्मीच हवा देतोय असं धरलं, तरी काम पाऊण मिनिटाच्या आत.

पूर्ण बसलेला टायर ३३ पर्यंत न्यायचा तर मात्र ६८ लिटर लागतात. तोच पंप चार मिनिटांच्या आसपास घेईल. इथे चांगल्या आणि कमअस्सल पंपातला फरक उघडा पडतो, कारण कमअस्सल पंपाला हेच काम दहा-बारा मिनिटं लागतं आणि तो स्वतःच्या मर्यादेपलीकडे तापतो.

मोठ्या एसयूव्हीच्या टायरमध्ये याच्या दुपटीहून जास्त जागा असते. त्यामुळे शेजाऱ्याच्या मोठ्या गाडीला पुरत नाही म्हणून पंप वाईट आणि आपल्या लहान गाडीला पुरतो म्हणून पंप उत्तम, असं दोन्ही बाजूंनी म्हणता येत नाही. कोणी पंपाबद्दल मत दिलं की त्यांचा टायर कोणता हे आधी विचारा.

पहाटवारा
हा हिशेब फारच उपयोगी. म्हणजे माझं नव्वद टक्के काम पाच पीएसआय वाढवण्याचंच आहे. मग सॉकेटचा घेतला तर बॅटरी उतरायची भीती असते का? इंजिन चालू ठेवायचं का?

तारयंत्र
बॅटरीआधी फ्यूजचा विचार करा. लायटर सॉकेटचा फ्यूज गाडीनुसार १०, १५ किंवा २० अँपिअरचा असतो. १२ व्होल्टला १० अँपिअर म्हणजे १२० वॅट, १५ म्हणजे १८० वॅट. पंपावर जेवढे वॅट किंवा अँपिअर लिहिलेत ते तुमच्या फ्यूजच्या आत बसले पाहिजेत, आणि जरा सैल बसले पाहिजेत, कारण मोटर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढते. फ्यूज किती अँपिअरचा हे गाडीच्या पुस्तिकेत आणि फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर दिलेलं असतं. फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज घालायचा प्रकार अजिबात करू नका. मग फ्यूजच्या जागी वायर तापते.

दोन सिलिंडरचे जोरदार पंप ३० अँपिअरच्या आसपास ओढतात. ते सॉकेटवर चालतच नाहीत, त्यांना बॅटरीच्या टोकांना लावायचे चिमटे असतात. हॅचबॅकला त्यांची गरज नाही.

बॅटरी उतरण्याबद्दल: १० अँपिअर ओढणारा पंप दहा मिनिटं चालला तर दीड-पावणेदोन अँपिअर-तास खर्च होतात. धडधाकट बॅटरीला हे काहीच नाही. बॅटरी जुनी असेल, सकाळी स्टार्टर कुरकुरत असेल, तर इंजिन चालू ठेवा. इंजिन चालू असताना व्होल्टेज १४ च्या आसपास असतं, त्यामुळे पंपही जरा जोमाने चालतो. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बंद गॅरेजमध्ये किंवा हवा न खेळणाऱ्या तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून हवा भरत बसायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तुम्ही नेमके खाली चाकापाशी वाकून बसलेले असता. तिथे इंजिन बंद ठेवूनच काम करा.

आणखी एक. वायरची लांबी मोजा. सॉकेट पुढे, चाक मागे आणि तेही पलीकडच्या बाजूचं. तीन मीटरपेक्षा कमी वायर असेल तर मागच्या चाकापाशी नळी ताणून धरावी लागते आणि व्हॉल्ववर तिरका ताण येतो. सुट्टी वाढीव वायर जोडायची झाली तर जाड घ्या. बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं आणि पंप रडत चालतो.

पायडल
सगळेच मोटारीवर बोलताय म्हणून पायाच्या पंपाची बाजू मांडते. पाच पीएसआयसाठी १० लिटर हवा, हे वर आलंच आहे. साध्या एका सिलिंडरच्या फूट पंपात एका दाबाला पाव लिटरच्या आसपास हवा जाते, थोडी गळती धरून चाळीस-पन्नास वेळा पाय मारला की टायर भरला. ना फ्यूज, ना चार्जिंग, ना आवाज. आतलं चामड्याचं किंवा रबराचं वॉशर बदलता येतं, त्यावर अधूनमधून तेलाचे दोन थेंब टाकायचे. जपून वापरला तर वर्षानुवर्षं टिकतो. सायकलचा उभा पंपही चालतो, मोटारीचा व्हॉल्व बसणारं तोंड असलं म्हणजे झालं. पिस्टन बारीक असल्यामुळे ३३ पीएसआयला हाताला फार जड जात नाही.

घेताना खालची पत्र्याची फ्रेम तपासा. दाबल्यावर ती पिळवटली तर सिलिंडर तिरका घासतो आणि वॉशर एका बाजूने जातं. दोन सिलिंडरचा घेतलात तर फेऱ्या निम्म्या होतात, पण पायाला जोर जास्त लागतो.

पाना_पक्कड
पायडलताई, तुमचं म्हणणं महिन्याच्या कामासाठी शंभर टक्के मान्य. पूर्ण बसलेल्या टायरला मात्र तीनशेच्या वर दाब होतील. भर पावसात रस्त्याच्या कडेला ते प्रत्येकाला जमेल असं नाही, गुडघे दुखणाऱ्या माणसाला तर नाहीच. पण गाडीत पडून राहणारा, कधीही दगा न देणारा दुसरा पंप म्हणून फूट पंपाला तोड नाही, हे मी नेहमी सांगतो.

रानवाट
चार्जिंगच्या पंपाबद्दल लिहिणार होतात ना? त्याची वाट बघतोय. :)

पाना_पक्कड
हो, लिहितो.

चार्जिंगच्या पंपात दोन यंत्रं एकत्र असतात, पंप आणि लिथियमची बॅटरी. दोन्हींचं आयुष्य वेगळं. आतला पंप ठीकठाक राहतो आणि बॅटरी आधी म्हातारी होते, तीही न वापरता. बॅटरी बदलता येत नसेल, आणि बहुतेक लहान मॉडेलांत येत नाही, तर सगळी वस्तू टाकून द्यावी लागते. पहाटवारा यांना पाच-सात वर्षं हवी आहेत, म्हणून मी सावध आहे.

दुसरं म्हणजे, तो गाडीतच ठेवायचा असतो आणि गाडी उन्हात उभी असते. बंद गाडीचा डॅशबोर्ड कडक उन्हात सहज ६० अंशांच्या वर जातो. बहुतेक लिथियम-आयन सेल वापरतानाही ६० च्या आत ठेवायचे असतात आणि चार्ज करताना साधारण ० ते ४५ अंशांत. भट्टीत ठेवल्यासारखी ती बॅटरी दर उन्हाळ्यात थोडी थोडी मरते. त्यामुळे चार्जिंगचा घेतलात तर घरात ठेवा, चार्ज अर्ध्याच्या आसपास असू द्या, आणि दर महिन्याच्या तपासणीआधी चार्ज करा. मग तो खरंच छान चालतो.

आणि एका चार्जमध्ये किती टायर, हा प्रश्न विचाराच. किती टायर, कोणत्या मापाचे, किती पीएसआयवरून किती पीएसआयपर्यंत? हे तिन्ही दिले नसतील तर खोक्यावरच्या 'एका चार्जमध्ये आठ टायर' अशा दाव्याला अर्थ नाही.

रानवाट
घरात ठेवण्याचा मुद्दा पटला. माझा गाडीच्या कप्प्यातच असतो, आजच वर आणून ठेवतो. तरी ज्यांची गाडी बिल्डिंगच्या मागे उभी असते आणि सकाळी वायरी पसरायचा कंटाळा येतो, त्यांच्यासाठी चार्जिंगचाच योग्य हे मत कायम. कंटाळ्यापायी हवा न तपासण्यापेक्षा हे बरं.

आकडेमोड
कंटाळ्याच्या मुद्द्याला +१. हवा चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण १ पीएसआय आपोआप कमी होते. त्यात थंडी पडली की दर १० अंशांच्या घसरणीला दीड-दोन पीएसआय आणखी. न तपासलेली गाडी एका ऋतूतच पाच-सहाने खाली येते आणि नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही, आताच्या रेडियल टायरचं पोट तसंही जरा फुगलेलंच दिसतं.

पहाटवारा
आता गेजबद्दल सांगा. पंपावर डिजिटल आकडा असतो तो खरा मानायचा का? आणि व्हॉल्वला लावायचं तोंड आट्यांचं चांगलं की खटक्याचं? आट्यांचं काढताना फुस्स करून हवा जाते, त्याने भरलेलं वाया जात नाही का?

सूक्ष्मदर्शी
गेजवर माझं ठाम मत आहे, वेगळं घ्या. पंप चालू असताना त्यावरचा आकडा टायरचा नसतो, नळीतला असतो. हवा व्हॉल्वच्या बारीक पिनेतून आत ढकलली जात असते, त्यामुळे अलीकडे दाब जास्त दिसतो. पंप बंद करा, दोन-तीन सेकंद थांबा, आकडा खाली येऊन स्थिरावतो, तो वाचा. आपोआप थांबणारे पंपही याच कारणाने कधी कधी एखादा पीएसआय आधीच थांबतात. त्यांना एकदा एक पीएसआय जास्त सेट करून बघा आणि वेगळ्या गेजने ताडून घ्या. पंप नेहमी एकानेच चुकत असेल तर त्रास नाही, तेवढा फरक लक्षात ठेवायचा. कधी एक, कधी चार असं चुकत असेल तर परत करा.

गेज डायलचं असो की डिजिटल, ते हातातून पडू देऊ नका, आणि मोजपट्टी आपल्या कामाची घ्या. ० ते १५० च्या डायलवर ३१ आणि ३३ मधला फरक दिसतच नाही. ० ते ६० चं डायल सुरेख वाचता येतं.

फुस्स आवाजाची काळजी करू नका. त्यातली बरीचशी हवा नळीतली असते. हातभर नळीच्या पोटात चमचा-दोन चमचे हवा मावते, टायरमध्ये ३० लिटर जागा आहे. भराभर आटे सोडले की गेजला फरक जाणवतही नाही. आट्यांचं तोंड सावकाश लावावं लागतं पण घट्ट बसतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. खटक्याचं झटपट लागतं, पण आतलं रबर झिजलं की हवा सुटते आणि खटका प्लॅस्टिकचा असेल तर तुटतो. तुमच्या अपेक्षा बघता आट्यांचं. फक्त पूर्ण बसलेला टायर भरून झाल्यावर त्या पितळी तोंडाला लगेच बोट लावू नका. इतकं तापतं की चटका बसतो. फडकं जवळ ठेवा.

तारयंत्र
सूक्ष्मदर्शींच्या मुद्द्यात भर. किती हवा भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर असतो. टायरच्या कडेवर कोरलेला आकडा भरायचा नाही, ती कमाल मर्यादा आहे. आणि हे सगळं थंड टायरवर, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. धावून आलेल्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय जास्त दिसतात. ते जास्त आहेत म्हणून हवा सोडायची नाही.

नवशिका_चालक
मध्येच विचारतो. माझ्या टायरमध्ये नायट्रोजन भरलेला आहे. घरच्या पंपाने साधी हवा भरली तर बिघडेल का?

आकडेमोड
काही बिघडत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कमी दाबाने गाडी चालवण्यापेक्षा साधी हवा कधीही चांगली. बिनधास्त भरा.

पाना_पक्कड
पहाटवारा, पंप कोणताही घ्या, त्याच्याकडून दोन कामांची अपेक्षा ठेवू नका.

ट्यूबलेस टायर रिमपासून सुटला असेल, म्हणजे कडा आत सरकून फट दिसत असेल, तर घरचा पंप तो बसवू शकत नाही. त्याला एकदम भसकन हवा लागते, ती टाकीच्या कॉम्प्रेसरमधूनच मिळते. पंप घरघरत राहील आणि सगळी हवा फटीतून निघून जाईल.

आणि बसलेल्या टायरवर गाडी थोडी जरी चालवली गेली असेल, तर तो हवा भरून पुन्हा वापरू नका. रिम आणि रस्ता यांच्यामध्ये कड चिरडली जाते, आतले धागे तुटतात आणि बाहेरून टायर चांगला दिसतो. असा टायर हवा भरताना कडेने फुटू शकतो, आणि तेव्हा माणूस अगदी शेजारी बसलेला असतो. कडेवर घासल्याचा गोल पट्टा, सुरकुत्या किंवा रबराचा काळा चुरा दिसला तर पंप बाजूला ठेवा आणि स्टेपनी लावा. एरवीही हवा भरताना टायरच्या कडेसमोर बसायचं टाळा, जरा बाजूला, चाकाच्या पुढे किंवा मागे बसा.

पहाटवारा
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते असं: सॉकेटला चालणारा एका सिलिंडरचा पंप, धातूच्या सिलिंडरचा, आट्यांच्या तोंडाचा, १२० वॅटच्या आतला. माझ्या गाडीचा फ्यूज आत्ताच बघून आले, १५ अँपिअरचा आहे. वायर तीन मीटरहून लांब. सोबत ० ते ६० चं डायल गेज. दोन टायर झाले की पंपाला विश्रांती. फूट पंपही मनात भरला आहे, तो नंतर बघेन.

शेवटची शंका. माझा मागचा डावा टायर इतरांपेक्षा लवकर उतरतो. दुकानात पाण्यात बुडवून बघितला, पंक्चर नाही म्हणाले. हे पंपाने सांभाळत राहू का?

सूक्ष्मदर्शी
सांभाळू नका, शोधा. व्हॉल्वचं टोपण काढा, आत साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडा आणि मिनिटभर बघत राहा. बारीक बुडबुडा फुगत असेल तर पिनेचं काम आहे. पिन फिरवायची छोटी चावी मिळते, तिने हलकेच घट्ट करा, जोर लावू नका. तरी बुडबुडा आला तर पिन बदला, ती सुटी मिळते. बुडबुडा व्हॉल्वच्या मुळाशी, रिमला लागून येत असेल तर अख्खा व्हॉल्व बदलावा लागेल आणि ते टायर उतरवूनच होतं. तिथेही काही दिसलं नाही तर टायर आणि रिम जिथे भेटतात ती कड दोन्ही बाजूंनी साबणाच्या पाण्याने ओली करून बघा, आतली बाजू विसरू नका. रिम गंजलेला किंवा खड्ड्यात आपटून किंचित वाकलेला असेल तर हवा तिथूनच जाते.

पाना_पक्कड
आणि टोपण परत लावा. पिनेत धूळ-माती जाऊ न देणं हे त्याचं काम, वाळूचा एक कण अडकला तरी पिन गळायला लागते. आत रबरी वॉशर असलेलं टोपण मिळालं तर तेच घ्या.

आणि स्टेपनी बारीक चाकाची असेल, म्हणजे इतर चारांपेक्षा अरुंद, तर तिच्यावरचा आकडा वेगळा वाचा. अशा चाकांना बहुधा ६० पीएसआय लागतात. तुमचा पंप ते करेल, फक्त गेज ० ते ६० चं घेतलंत तर काटा अगदी टोकाला जाईल. स्टेपनी तशी असेल तर ० ते १०० चं घ्या.

पहाटवारा
बघितलं. स्टेपनी इतर टायरांच्याच मापाची आहे, म्हणजे ० ते ६० चालेल. आणि बुडबुडा पिनेतूनच येतोय, अगदी बारीक, पण येतोय. चावी आणि नवीन पिना आणते.